दहाचे ठोके आणि मतांची मोजणी

निवडणूक ही दोन निरनिराळ्या क्रियांची मिळून बनलेली असते. एक मत देण्याची, आणि दुसरी दिलेलीं मतें मोजून त्यांचा निर्णय सर्वांस कळविण्याची. पहिल्या क्रियेविषयीं सर्वत्र पुष्कळ लिहिलें व बोललें जातें. दुसरीकडे मात्र लोकांचें लक्ष फारसें जात नाहीं. वस्तुतः पेटींतील मत चार लोकांसमक्ष मोजलें जाईपर्यंत, आणि तो आंकडा हरणारासहि मान्य होईपर्यंत, निवडणूक पुरी झाली असें म्हणतां येत नाहीं. ब्रिटनमध्यें हें दुसरें काम बव्हंशीं एका रात्रींत आणि सर्व राष्ट्राच्या डोळ्यांदेखत उरकलें जातें. मतदान गुरुवारीं रात्रीं दहा वाजतां संपतें; आणि सत्तापालट झालाच, तर बहुधा शुक्रवारीं दुपारीं नवा पंतप्रधान राजवाड्यांतून परत येऊन डाउनिंग स्ट्रीटवरील आपल्या दारांत उभा असतो. या मधल्या दहा-पंधरा तासांत टेलिव्हिजन, म्हणजे दूरचित्रवाणी, कोणतें काम करिते आणि त्या कामाची मर्यादा कोठें येते, हें पाहण्यासारखें आहे.

‘निकालाची रात्र’ ही कल्पना वाटते तितकी जुनी नाहीं. एकोणिसाव्या शतकांत सार्वत्रिक निवडणुकीचें मतदान सर्व देशांत एकाच दिवशीं होत नसे. निरनिराळ्या मतदारसंघांत तें निरनिराळ्या दिवशीं होई, आणि निकालहि तसेच तुटक तुटक बाहेर पडत. दादाभाई नौरोजी ज्या १८९२ च्या निवडणुकींत सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघांतून अगदीं निसटत्या मताधिक्यानें पार्लमेंटांत गेले, ती निवडणूक जुलै महिन्यांत जवळजवळ तीन आठवडे चालली होती. सर्व देशानें एकाच दिवशीं मत द्यावें हा नियम १९१८ पासून अंमलांत आला. त्यानंतर चारच वर्षांनीं नभोवाणीचा जन्म झाला. बी. बी. सी.चें दैनंदिन ध्वनिक्षेपण १४ नोव्हेंबर १९२२ रोजीं सुरू झालें, आणि दुसऱ्याच दिवशीं सार्वत्रिक निवडणूक होती. त्यामुळें निवडणुकीचे निकाल सांगणें ही त्या नवजात यंत्राच्या अगदीं पहिल्या कामगिऱ्यांपैकीं एक ठरली. पुढें १९४५ सालीं मात्र ही रात्र साजरी होऊं शकली नाहीं. मतदान ५ जुलै रोजीं झालें, परंतु दूरदूरच्या रणक्षेत्रांतील सैनिकांचीं मतें यावयाचीं असल्यामुळें मोजणी २६ जुलैपर्यंत थांबविण्यांत आली.

दूरचित्रवाणीवरून निकाल दाखविण्याचा पहिला प्रयत्न २३ फेब्रुवारी १९५० च्या रात्रीं झाला. त्या वेळीं ब्रिटनमध्यें दूरचित्रवाणीचे परवाने अवघे साडेतीन लाखांच्या आसपास होते. निवडणुकीच्या दिवसांत बी. बी. सी. इतकी सोंवळी राहत असे कीं, पक्षपाताचा ठपका येऊं नये म्हणून प्रचाराची बातमीच टाळली जाई. अशा संस्थेंत ग्रेस विंडहॅम गोल्डी या निर्माती बाईंनीं निकालाच्या रात्रीचा कार्यक्रम उभा केला. प्रचार दाखविण्यांत कोणाचा तरी पक्ष घेतला जाण्याची भीति असते. पण निकाल ही घडून गेलेली गोष्ट असून ती जशीच्या तशी सांगण्यांत पक्षपात संभवत नाहीं, हा त्या कार्यक्रमाचा पाया होता. युद्धवार्ताहर म्हणून नांवाजलेले चेस्टर विल्मट हे सूत्रधार होते. ऑक्सफर्डचे आर. बी. मॅकॅलम आणि पंचवीस वर्षांचे तरुण संशोधक डेव्हिड बटलर हे आंकड्यांचा अर्थ सांगावयास बसले होते. आणि ट्रफाल्गार चौकांतील गर्दीचें वर्णन रिचर्ड डिंबल्बी करीत होते. संगणकाची मदत नव्हती. आलेला आंकडा हातानें लिहावयाचा, त्याचा हिशेब हातानेंच करावयाचा आणि कॅमेऱ्यापुढें मांडावयाचा, असा सारा प्रकार होता.

त्या पहिल्याच रात्रीं एक महत्त्वाची गोष्ट लक्षांत आली. रात्रीं जे निकाल आधीं हातीं आले ते मुख्यतः शहरांचे होते. कारण शहरांत मतपेट्या थोड्या अंतरावरून येतात व मोजणी लवकर आटोपते. शहरांत मजूर पक्षाचें बळ अधिक. तेव्हां रात्रभर मजूर पक्ष बराच पुढें दिसत राहिला. दुसऱ्या दिवशीं ग्रामीण मतदारसंघांचे निकाल येऊं लागले, तशी ती आघाडी वितळत गेली. आणि शेवटीं ६२५ जागांच्या कॉमन्स सभेंत ॲटली यांच्या पक्षास केवळ पांचांचें बहुमत उरलें. तात्पर्य, निकाल ज्या क्रमानें येतात तो क्रम यदृच्छेचा नसतो. केवळ आलेल्या जागांची बेरीज करीत बसणारा मनुष्य फसल्याशिवाय राहत नाहीं.

यावर उपाय काय? मतदारसंघाची तुलना दुसऱ्या मतदारसंघाशीं न करितां त्याच्याच मागील निकालाशीं करावयाची, हा तो उपाय होय. समजा, एका मतदारसंघांत मागील खेपेस मजूर पक्षास शेंकडा ४८ आणि हुजूर पक्षास शेंकडा ४४ मतें पडलीं होतीं. या खेपेस मजूर पक्षास ४५ व हुजूर पक्षास ४९ पडलीं. म्हणजे एकाची तीनांनीं घट झाली व दुसऱ्याची पांचांनीं वाढ झाली. या घटीची व वाढीची सरासरी चार येते. यालाच बटलर यांनीं ‘स्विंग’, म्हणजे मतांचा झोंक, असें मानलें. चार टक्क्यांचा झोंक सर्व देशभर सारखा आहे असें धरलें, तर ज्या ज्या ठिकाणीं मजूर पक्षाची पूर्वींची आघाडी आठ टक्क्यांहून कमी होती, त्या त्या जागा धोक्यांत आल्या, हें निकाल लागण्यापूर्वींच सांगतां येतें. आठ अशासाठीं कीं, जें एकाचें गेलें तें दुसऱ्यास मिळालें, म्हणून अंतर दुपटीनें बदलतें. शितावरून भाताची परीक्षा करावी त्यांतलाच हा प्रकार. मात्र येथें शित कोणत्या भांड्यांतलें आहे आणि मागच्या खेपेस तें कसें शिजलें होतें, याची नोंद आधीं जवळ असावी लागते.

हा हिशेब घरांत बसलेल्या सामान्य माणसास एका दृष्टिक्षेपांत समजावा म्हणून ‘स्विंगोमीटर’ निघाला. अर्धवर्तुळाकार फळ्यावर मधोमध एक कांटा. तो एका बाजूस झुकला कीं एका पक्षाचें बहुमत, दुसऱ्या बाजूस झुकला कीं दुसऱ्याचें. १९५५ सालीं एका प्रादेशिक कार्यक्रमांत तो प्रथम दिसला, आणि १९५९ पासून सर्व देशापुढें आला. रॉबर्ट मॅकेन्झी या कॅनडांत जन्मलेल्या प्राध्यापकांनीं त्यास घरोघर परिचित केलें. १९७० सालीं हुजूर पक्षाकडे मतांचा झोंक इतका गेला कीं फळ्यावरील आंकडे अपुरे पडले, आणि रंगाऱ्याकडून ऐन वेळीं पुढचे आंकडे रंगवून घ्यावे लागले. पुढें पीटर स्नो व त्यांच्यामागून जेरेमी व्हाइन यांच्या हातीं हें साधन आलें. लांकडी फळा गेला आणि संगणकानें काढलेलीं भव्य चित्रें आलीं. त्यामागील गणित मात्र बटलर यांचेंच राहिलें.

१९७० चीच निवडणूक आणखी एका नव्या पद्धतीमुळें स्मरणांत राहिली. मतदानापूर्वींच्या बहुतेक चांचण्यांनीं मजूर पक्षाचा विजय वर्तविला होता. बी. बी. सी.नें त्या दिवशीं केंट परगण्यांतील ग्रेव्हसेंड या एकाच मतदारसंघांत मत देऊन बाहेर पडणाऱ्या लोकांस, आपण मत कोणास दिलें, असें विचारलें. त्यांचीं उत्तरें हुजूर पक्षाकडे वळलेलीं दिसलीं, आणि एडवर्ड हीथ यांस बहुमत मिळून तो कौल खरा ठरला. हाच ब्रिटनमधील ‘एक्झिट पोल’चा आरंभ. मतदानापूर्वीं मनुष्य काय करणार हें विचारणें निराळें, आणि त्यानें काय केलें हें विचारणें निराळें; दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर अधिक भरंवशाचें असतें, हें यांतलें मर्म होय.

तरीहि या पद्धतींत एक मोठी अडचण आहे. ब्रिटनमध्यें मोजणीच्या वेळीं निरनिराळ्या केंद्रांवरील मतपत्रिका एकत्र मिसळतात, आणि निकाल संबंध मतदारसंघाचा म्हणूनच जाहीर होतो. अमुक एका शाळेंतील केंद्रावर कोणास किती मतें पडलीं, हें पुढें कधींच कळत नाहीं. गुप्त मतदानाच्या दृष्टीनें हें योग्यच आहे. परंतु चांचणी करणाराजवळ ताडून पाहण्यास आधार राहत नाहीं. म्हणून जॉन कर्टिस, डेव्हिड फर्थ इत्यादि विद्वानांनीं अशी योजना केली कीं, शक्य तेथवर मागील निवडणुकींत ज्या केंद्रांवर चांचणी झाली त्याच केंद्रांवर पुन्हां जावयाचें, आणि तेथील मागचें व आतांचें उत्तर यांतील फरक मोजावयाचा. सुमारें १३० केंद्रांवर वीस हजारांच्या आसपास मतदारांस मतपत्रिकेसारखाच एक कागद देतात. मतदार तो गुपचूप भरून एका पेटींत टाकतो. तोंडानें सांगण्याचा संकोच यामुळें टळतो. कोणत्या प्रकारच्या वस्तींत किती फरक पडला हें पाहून, त्यावरून ग्रेट ब्रिटनमधील प्रत्येक मतदारसंघाचा संभव काढला जातो. हें काम बंद खोलींत चालतें. कारण मतदान संपण्यापूर्वीं असा अंदाज प्रसिद्ध करणें हा कायद्यानें गुन्हा आहे. मग बिग बेन घड्याळाचे दहाचे ठोके पडतात, आणि त्याच क्षणीं तो अंदाज सर्व देशापुढें येतो. २००५ पासून बी. बी. सी. व आय. टी. व्ही. या एरव्हींच्या प्रतिस्पर्धी संस्था हें काम एकत्र करूं लागल्या, आणि २०१० पासून स्काय ही संस्थाहि त्यांस मिळाली.

या भाकितास यश किती आलें? १९९२ सालीं दहा वाजतां जाहीर झालेल्या अंदाजांत कोणत्याहि पक्षास बहुमत नव्हतें. परंतु मध्यरात्रीपूर्वींच बॅसिल्डनची जागा हुजूर पक्षानें राखली आणि वारें कोणीकडे वाहत आहे तें दिसून आलें. शेवटीं जॉन मेजर यांस २१ चें बहुमत मिळालें. या फजितीनंतर पद्धतींत सुधारणा होत गेल्या. २००५ सालीं मजूर पक्षास ६६ चें बहुमत मिळेल असा अंदाज होता. तें बरोबर ६६ च भरलें. २०१५ सालीं लिबरल डेमोक्रॅट पक्षास दहाच जागा मिळतील असें सांगतांच त्या पक्षाचे माजी नेते पॅडी ॲशडाऊन यांनीं, हें खरें ठरल्यास आपण आपली टोपी चारचौघांत खाऊं, असें भर कार्यक्रमांत सांगितलें. प्रत्यक्षांत त्या पक्षास आठच मिळाल्या, आणि दुसऱ्या दिवशीं ॲशडाऊन यांच्यापुढें टोपीच्या आकाराची मिठाई ठेवण्यांत आली. २०२४ सालीं मजूर पक्षास ४१० जागांचा अंदाज होता. मिळाल्या त्या सभापतींची जागा सोडून ४११.

इतकें अचूक भाकीत दहा वाजतांच मिळत असेल, तर रात्रभर जागावयाचें कशासाठीं, असा प्रश्न कोणासहि सुचेल. त्याचें उत्तर मोजणीच्या दिवाणखान्यांत सांपडतें. नगरभवन, व्यायामशाळा, क्रीडागृह अशा ठिकाणीं लांबच लांब मेजें मांडलेलीं असतात. मोहरबंद पेट्या येतात. प्रथम पेटींतील कागदांची संख्या केंद्रावरील नोंदीशीं ताडून पाहतात, आणि मग कागद मिसळून उमेदवारवार गठ्ठे लावतात. उमेदवारांचे प्रतिनिधि मेजापलीकडून प्रत्येक हालचालीवर डोळा ठेवून उभे असतात. शंकास्पद मतपत्रिका त्यांस दाखवून तिचा निर्णय करितात. फरक थोडा असल्यास फेरमोजणी मागतां येते. हें सर्व काम हातानें चालतें. कांहीं नगरांनीं तर तें एखाद्या शर्यतीसारखें केलें आहे. संडरलंडमध्यें तरुण विद्यार्थी गाडींतून उतरलेल्या पेट्या हातोहात पोंचवितात, आणि २००१ सालीं तेथील पहिला निकाल दहा वाजून त्रेचाळीस मिनिटांनीं लागला. हें काम दुसऱ्या दिवशीं सावकाश करावें असा विचार कांहीं स्थानिक संस्थांत बळावूं लागला, तेव्हां त्याविरुद्ध ओरड झाली, आणि २०१० च्या कायद्यानें मतदान संपल्यापासून चार तासांच्या आंत मोजणीस आरंभ करण्याचा शक्य तो सर्व प्रयत्न झाला पाहिजे असें ठरविलें. मतपेटी निकालाविना रात्रभर पडून राहूं नये, ही भावना त्यामागें होती.

मोजणी संपली कीं निवडणूक अधिकारी सर्व उमेदवारांस व्यासपीठावर बोलावतो आणि नांवांच्या वर्णानुक्रमानें प्रत्येकाचीं मतें वाचून दाखवितो. या ठिकाणीं मंत्री, पंतप्रधान असा भेद नाहीं. सर्वजण केवळ उमेदवार. २०१७ सालीं मेडनहेड येथें पंतप्रधान थेरेसा मे यांच्या शेजारीं डोक्यावर बादलीसारखें काळें शिरस्त्राण घातलेला एक विनोदी उमेदवार उभा होता, आणि त्याचींहि मतें तितक्याच गांभीर्यानें वाचलीं गेलीं. १९९७ सालीं पहांटे तीनच्या सुमारास एन्फील्ड साउथगेट येथें संरक्षणमंत्री मायकेल पोर्टिलो यांस आपल्या पराजयाचा आंकडा असाच उभ्यानें ऐकावा लागला. ते हुजूर पक्षाचे भावी नेते समजले जात होते; स्टीफन ट्विग या तरुणानें त्यांस १,४३३ मतांनीं हरविलें. तो क्षण पाहण्यास आपण जागे होतां काय, हें एकमेकांस विचारण्याची पुढें इंग्लंडांत रीतच पडली. २०२४ सालीं माजी पंतप्रधान लिझ ट्रस साउथ वेस्ट नॉरफोकमध्यें ६३० मतांनीं हरल्या. हजारो लोकांनीं कागदावर केलेल्या खुणा एका माणसाच्या चेहऱ्यावर उमटतांना पाहणें, हें कोणत्याहि भाकितानें होणारें काम नव्हे.

बटलर यांच्या या गणिताचा भारताशींहि संबंध आला. प्रणय रॉय व अशोक लाहिरी यांच्यासह बटलर यांनीं भारतीय निवडणुकांच्या आंकड्यांचा ग्रंथ १९८४ सालीं सिद्ध केला, आणि त्या दशकांत दूरदर्शनवरून प्रणय रॉय व विनोद दुआ यांनीं निकालाचें विवेचन मराठी घरांपर्यंतहि पोंचविलें. मात्र येथें नुसता झोंक पुरेना. विरोधी पक्ष एकत्र लढले कीं फुटून लढले, यावर जागांचें गणित अवलंबून असल्यामुळें विरोधी ऐक्याचा निर्देशांक त्यास जोडावा लागला. भारतांत मतदान अनेक टप्प्यांत होतें व मोजणीचा दिवस निराळा असतो. म्हणून शेवटचा टप्पा संपेपर्यंत असे अंदाज प्रसिद्ध करण्यास २००९ च्या दुरुस्तीनें बंदी आहे, आणि अंदाज व निकाल यांमध्यें कांहीं तास नव्हे, तर दिवस जातात.

खुद्द ब्रिटनमध्येंहि जुनें गणित आतां अवघड होत चाललें आहे. १९५१ सालीं दोन मोठ्या पक्षांस मिळून जवळजवळ ९७ टक्के मतें होतीं. एकाचें गेलें तें दुसऱ्याकडेच जावयाचें. २०२४ सालीं तो वांटा सुमारें ५७ टक्क्यांवर आला. मतें चार-पांच दिशांनीं पांगूं लागलीं म्हणजे दोनच बाजूंस झुकणारा कांटा तीं कशीं दाखविणार? आणखी एक दोष असा कीं, या रात्रीं डोळ्यांपुढें नाचतात त्या जागा. मतें मागें पडतात. १९५१ सालीं मजूर पक्षास हुजूर पक्षापेक्षां अधिक मतें पडूनहि सत्ता गेली. २०२४ सालीं त्याच पक्षास शेंकडा ३४ हूनहि कमी मतांवर शेंकडा ६३ जागा मिळाल्या. सबंध नकाशा एका रंगानें भरलेला दिसला, तरी त्या रंगाखालीं इतर मतें देणारे लोक बहुसंख्य असूं शकतात, हें पाहणारानें विसरतां कामा नये.

असें असूनहि या रात्रीची योग्यता कमी होत नाहीं. पंडितांचा अंदाज दहा वाजतां येतो, आणि पुढें उजाडेपर्यंत एकेका गांवचा अधिकारी त्यास दुजोरा देतो किंवा खोटा पाडतो. शेवटचा शब्द पंडितांचा नसून त्या कागदांच्या गठ्ठ्यांचा असतो. १९९२ सालीं सर्व जाणत्यांस त्यापुढें मान वांकवावी लागली. आणि हरलेला उमेदवार व्यासपीठावरच विजयी उमेदवाराचा हात हातांत घेऊन त्याचें अभिनंदन करितो, तेव्हां ज्यांनीं त्याला मत दिलें होतें तेहि घरीं बसून तें पाहत असतात. आपला पक्ष हरला तरी मोजणी खरी झाली, ही खात्री त्यांस कोणी उपदेशानें पटवीत नाहीं. ती त्यांनीं स्वतः पाहिलेली असते.